वाचकांचे प्रश्न : १९६३ सालची नाताळची तबकडी

प्रश्न : आमच्या घरी नाताळचा गोठा उभारायला घेतला की वडील एकच कॅसेट लावायचे; अमेरिकी संगीत निर्माते फिल स्पेक्टर यांनी १९६३ साली काढलेल्या नाताळच्या इंग्रजी गाण्यांच्या अल्बमची. आता माझी मुले तीच गाणी मोबाइलवर लावतात. ही गाणी त्याआधी आणि त्यानंतर कितीतरी जणांनी गायली आहेत. मग हाच अल्बम इतका का टिकला? – एक वाचक, वसई

उत्तर : 'अ ख्रिसमस गिफ्ट फॉर यू' या अल्बममध्ये तेरा गाणी आहेत आणि त्यांपैकी बारा लोकांना आधीपासून ठाऊक होती. 'सायलेंट नाइट' १८१८ साली ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे प्रथम गायले गेले, 'विंटर वंडरलँड' १९३४ सालचे आणि लाल नाकाच्या रुडॉल्फचे गाणे १९४९ सालचे. अमेरिकेत लोकप्रिय गायकांचे नाताळचे अल्बम त्या काळी दरवर्षी निघत. त्यांत बहुधा मंद व्हायोलिने असत आणि शेकोटीपाशी बसून गुणगुणावे असा गायकाचा निवांत सूर असे. सणापुरते काम, सण सरला की विसरायचे, अशीच त्यांची रीत होती. स्पेक्टर, त्यांचे संगीत संयोजक जॅक निट्शे आणि ध्वनिमुद्रक लॅरी लेव्हिन यांनी मात्र १९६३ सालीच गाजलेल्या 'बी माय बेबी' या गाण्यावर जेवढी मेहनत घेतली होती, तेवढीच या बारा जुन्या गाण्यांवर घेतली आणि त्यांना तरुणांच्या नाचाचा ताल दिला.

ही मेहनत नेमकी कसली, ते सांगायला हवे. लॉस एंजेलिसमधील गोल्ड स्टार स्टुडिओत तीन-चार गिटार, एकाहून अधिक पियानो, दोन-दोन बास, ढोल, खुळखुळे आणि घंटा वाजवणारे वादक दाटीवाटीने बसत आणि एकच तुकडा तासन्‌तास पुन्हा पुन्हा वाजवत. अनेक वाद्ये एकच स्वर धरत असल्यामुळे कोणते वाद्य कुठे संपते आणि कोणते कुठे सुरू होते, हे कानाला वेगळे काढता येत नाही. तो एकवटलेला आवाज स्टुडिओतील सिमेंटच्या गिलाव्याच्या बंद खोलीत स्पीकरवरून सोडला जाई, तेथे घुमलेला नाद मायक्रोफोनने टिपून मूळ ध्वनिमुद्रणात मिसळला जाई, आणि मग सारे मोनोत, म्हणजे एकाच वाहिनीत, पक्के केले जाई. या पद्धतीला 'वॉल ऑफ साउंड', म्हणजे आवाजाची भिंत, असे नाव पडले. ड्रमवर हॅल ब्लेन होते, पियानोवर लिऑन रसेल. मागच्या कोरसमध्ये तेव्हा कोणालाच माहीत नसलेली, पुढे प्रसिद्ध गायिका झालेली शेर नावाची एक मुलगी होती. 'स्ले राइड' ऐकताना पाहा : 'द रॉनेट्स' या तीन मुलींच्या गटातील रॉनी बेनेट पुढे गात असते आणि मागे घुंगरांची नक्कल करणारा कोरस इतक्या ठसक्यात येतो की मूळची वाद्यवृंदासाठीची रचना जणू या मुलींसाठीच बांधली होती, असे वाटू लागते. लिरॉय अँडरसन यांची ही चाल १९४८ सालची. आज डिसेंबरमध्ये ती सर्वाधिक ऐकली जाते, ती बहुधा याच आवाजांत.

तरीही केवळ आवाजाच्या घडणीने एखादा अल्बम साठ वर्षे घरोघरी वाजत राहत नाही. माझ्या मते तो टिकला, तो त्यातील हुरहुरीमुळे. ही गाणी उन्हाळ्यात, बर्फ कधी न पडणाऱ्या शहरात ध्वनिमुद्रित झाली, आणि पहिल्याच गाण्यात ही गोष्ट लपवलेली नाही. 'व्हाइट ख्रिसमस' या गाण्याला अर्व्हिंग बर्लिन यांनी एक प्रास्ताविक कडवे लिहिले होते : कॅलिफोर्नियात ऊन पडले आहे, संत्र्याची आणि ताडाची झाडे डोलत आहेत, पण आज २४ डिसेंबर आहे आणि मन उत्तरेकडे ओढ घेते आहे. बिंग क्रॉस्बी यांच्या १९४२ सालच्या प्रसिद्ध ध्वनिमुद्रणात हे कडवे नाही. येथे मात्र गायिका डार्लीन लव्ह गाणे मध्येच थांबवून ते साध्या बोलण्याच्या आवाजात सांगते आणि मग पुन्हा गाण्याकडे वळते. वसईत किंवा गोव्यात डिसेंबरच्या उन्हात कापसाचा बर्फ लावणाऱ्यांना ही ओढ वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

तेरावे गाणे तेवढे नवे होते. 'ख्रिसमस (बेबी प्लीज कम होम)' हे एली ग्रीनविच, जेफ बॅरी आणि स्पेक्टर यांनी या अल्बमसाठीच रचले. बर्फ पडतो आहे, नाताळच्या झाडावर दिवे चमकत आहेत, चर्चच्या घंटा वाजत आहेत, आणि गाणारीचे माणूस घरी नाही, एवढाच त्याचा विषय. कोरस 'ख्रिसमस' हा एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो आणि प्रत्येक वेळी डार्लीन त्याला आपल्या दुःखाने उत्तर देते. शेवटाकडे शब्द सरतात, 'प्लीज' एवढाच उरतो, पियानो बेभान होतो, आणि बावीस वर्षांची ही गायिका अख्ख्या वाद्यवृंदाच्या वर आवाज नेते. सणाच्या दिवशी घरात एक जागा रिकामी असणे काय असते, हे इतक्या आनंदी तालात सांगणारे दुसरे गाणे मला माहीत नाही. कितीही वेळा ऐकले तरी त्या शेवटच्या अर्ध्या मिनिटाला माझे हातातले काम थांबते.

अल्बम बाजारात आला तो दिवस होता २२ नोव्हेंबर १९६३. त्याच दुपारी डॅलसमध्ये अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली आणि शोकात बुडालेल्या देशात ही तबकडी फारशी कोणी विकत घेतली नाही. १९७२ साली बीटल्सच्या ॲपल कंपनीने ती पुन्हा काढली आणि त्यानंतर ती हळूहळू घराघरांत पोहोचली.

प्रश्न : या अल्बमचा निर्माता खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरला होता, असे वाचले. असे असताना त्याची गाणी आनंदाच्या दिवशी घरात लावणे योग्य आहे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. २००३ साली अभिनेत्री लाना क्लार्कसन यांचा स्पेक्टर यांच्या घरात गोळी लागून मृत्यू झाला, २००९ साली न्यायालयाने स्पेक्टर यांना खुनाबद्दल दोषी ठरवले आणि शिक्षा भोगत असतानाच जानेवारी २०२१ मध्ये ते मरण पावले. रॉनी बेनेट पुढे त्यांच्या पत्नी झाल्या. त्या संसारात आपल्याला घरात अक्षरशः कोंडून ठेवले होते, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे.

हे सारे ठाऊक असूनही मी हा अल्बम लावतो, कारण तो ज्यांच्या कंठातून उतरला त्यांना माझ्या घरातून हद्दपार करणे मला अन्यायाचे वाटते. डार्लीन लव्ह यांच्या वाट्याला अन्याय आधीच पुष्कळ आला होता. १९६२ साली त्यांनी गायलेले 'ही इज अ रेबेल' हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, पण तबकडीवर नाव छापले ते 'द क्रिस्टल्स' या दुसऱ्याच गटाचे. पुढे त्यांची कारकीर्द इतकी खालावली की पोटासाठी त्या लोकांच्या घरी साफसफाईची कामे करू लागल्या. अशाच एका घरात न्हाणीघर घासत असताना रेडिओवर त्यांचेच नाताळचे गाणे लागले आणि आपली जागा इथे नाही, गाण्यात आहे, हे त्यांच्या मनाने घेतले, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. १९८६ पासून २०१४ पर्यंत डेव्हिड लेटरमन यांच्या दूरदर्शन कार्यक्रमात जवळजवळ दर डिसेंबरला त्या हे गाणे गात आल्या, आणि २०११ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.

शेवटच्या 'सायलेंट नाइट'वर स्पेक्टर यांचे आभाराचे भाषण आहे. ते आज ऐकवत नाही, हे मी मान्य करतो. तेवढे गाणे आमच्याकडे लागत नाही.

प्रश्न : इअरफोनवर हा अल्बम गजबजलेला आणि अस्पष्ट का वाटतो? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तो त्या काळच्या रेडिओसाठी आणि हॉटेलांतल्या ज्यूकबॉक्ससाठी, म्हणजे नाणे टाकून गाणे लावायच्या यंत्रासाठी, घडवला होता, दोन कानांत वाद्ये वेगवेगळी ऐकू यावीत, हा त्याचा हेतूच नव्हता. मूळ मोनो आवृत्ती निवडावी, एखाद्या साध्या स्पीकरवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून लावावी, आणि 'ख्रिसमस (बेबी प्लीज कम होम)' सुरू झाले की आवाज थोडा वाढवावा.