गुरुकिल्ली, मूळ किल्ली आणि पोटकिल्ली

रत्नागिरीहून विचारणा आली आहे. मच्छीमार सहकारी संस्थेच्या सॉफ्टवेअरची पुस्तिका मराठीत होते आहे. चेअरमन, विभागप्रमुख, काउंटरवरचा कारकून अशी उतरंड; वरच्याला खालच्याच्या फायली उघडता याव्यात, खालच्याला वरच्याच्या नाहीत. फायलींना सांकेतिक कुलूप लावणाऱ्या गुप्त आकड्याला ‘की’ म्हणतात; यातल्या ‘मास्टर की’ला ‘गुरुकिल्ली’ म्हणावं का, आणि ‘डिराइव्ह्ड की’ला काय?

‘गुरुकिल्ली’ नको. लॉजच्या मॅनेजरकडे असते ती गुरुकिल्ली: एकच किल्ली, सगळ्या खोल्यांना लागणारी. इथे चेअरमनची किल्ली कारकुनाच्या फायलीला लागतच नाही. तिच्यापासून आधी विभागाची किल्ली घडवायची, तिच्यापासून कारकुनाची, आणि त्या शेवटच्या किल्लीनं फाईल उघडायची. म्हणून वरची ती ‘मूळ किल्ली’ आणि खालची ‘पोटकिल्ली’. पोटहिस्सा, पोटकलम, पोटभाडेकरू म्हणणाऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. (‘चावी’ही चालली असती, बिजागरीसारखीच पोर्तुगिजांकडून आलेली. पण ‘पोटचावी’ कानाला बरी लागत नाही.)

एक उणीव मात्र राहते. सातबाऱ्यावर १४/२ दिसलं की मूळ नंबर १४ हे लगेच कळतं. पोटकिल्लीवरून मूळ किल्ली कळता कामा नये. वरची किल्ली आणि विभागाचं नाव एचमॅक-शा-२५६ या गणिती प्रक्रियेतून काढलं की ३२ बाइटची पोटकिल्ली मिळते. उलट वाट नाही. तेव्हा पहिल्या उल्लेखाला ‘एकदिशी पोटकिल्ली’ लिहाच.

पुस्तिकेतल्या उदाहरणात ‘खाऱ्या मासळीचा विभाग’ हे नाव घेतलंय, ते बदला. ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये एकाहून अधिक तऱ्हांनी टंकता येतो: कुणी सरळ ‘ऱ’ घेतो, कुणी ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडखूण लावतो. पडद्यावर दोन्ही सारखेच, बाइट वेगळे. म्हणजे पोटकिल्लीही वेगळी, आणि फायली उघडेनात. शेवटी चुकून पडलेली मोकळी जागाही तेच करते. नावाऐवजी विभागाचा क्रमांक वापरावा, पुढे आवृत्तीचा आकडा: ०३-१.

एकाच कारकुनावर दोन विभागप्रमुख असतील तर मात्र ही साधी साखळी पुरत नाही, कारण दोन वेगळ्या किल्ल्यांपासून एकच पोटकिल्ली निघत नाही. अशा रचनेसाठी अक्ल आणि टेलर या संशोधकांनी १९८३ मध्येच घातांकांची पद्धत मांडली होती. तुमच्या पुस्तिकेला तिची गरज दिसत नाही.

आणि ‘किल्ली काढली’ असं कुठेही लिहू नका. तयार केली की काढून घेतली, कळत नाही. ‘घडवली’ आणि ‘रद्द केली’ असं स्पष्ट लिहा. रद्द करणं म्हणजे परत घेणंही नव्हे. विभागप्रमुख सोडून गेला तरी त्याच्याकडे नक्कल असू शकते. म्हणून आवृत्ती ०३-२ करायची, त्याच्याखालच्या सगळ्या पोटकिल्ल्या नव्यानं घडवायच्या आणि जुन्या फायली नव्या किल्लीनं पुन्हा कुलूपबंद करायच्या. पुस्तिकेत नेमकी हीच शेवटची पायरी गाळलेली आहे.