इंग्रजीच्या तासाला वर्ग गप्प बसतो आणि जोड्या पाडल्या की सगळे आपल्याच भाषेत सुरू होतात, काय करू?

तुम्ही लिहिलंय की शिकवायला लागून तीनच महिने झालेत, प्रश्न विचारला की सगळे खाली माना घालतात. माझंही सुरुवातीला हेच व्हायचं आणि मला वाटायचं ह्यांना काही येतच नाहीये. बहुतेक वेळा तसं नसतं हो, त्यांना वेळच मिळत नाही.

एकदा स्वतःचा तास मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. मी ऐकला तेव्हा धक्काच बसला, प्रश्न विचारायचा, लगेच तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत, मग हिंट, मग उत्तर पण मीच दिलेलं. अमेरिकेत मेरी बड रो ह्या बाईंनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत हे मोजलं होतं, शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात, आणि तेच ३ सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांब होतात, एरवी न बोलणारीही बोलायला लागतात. परक्या भाषेत तर आधी प्रश्न समजायला हवा, मग उत्तर सुचायला हवं, मग ते इंग्रजीत जुळवायचं, वर चुकलं तर सगळे हसतील ही धाकधूक. मी आता मनात पाचपर्यंत मोजते. अवघड प्रश्न असेल तर आधी मिनिटभर वहीत लिहू देते, मग शेजाऱ्याला सांगायचं, मग वर्गासमोर. शेजाऱ्यासमोर एकदा बोलून झालेलं वाक्य मोठ्याने म्हणायला खूप सोपं जातं.

आपल्या भाषेत बोलण्याचं म्हणाल तर बंदी घालू नका. मी एकदा दंड लावून बघितला होता, तर इंग्रजी वाढलं नाहीच, वर्ग अजून गप्प झाला, त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्यापेक्षा ते काय बोलतायत ते कान देऊन ऐका. "काय करायचंय रे?" असं चाललं असेल तर चूक आपल्या सूचनेची आहे, सांगत बसण्यापेक्षा एका विद्यार्थ्याला पुढे बोलावून करूनच दाखवा. शब्द अडत असतील तर "हाऊ डू यू से धिस इन इंग्लिश?" सारखी चार-पाच वाक्यं फळ्यावर कायम लिहून ठेवा. आणि गप्पा मारत असतील तर बहुतेक कामातच बोलायची गरज नसते. दोघांना जवळपास सारखी पण सहा फरक असलेली चित्रं द्या, एकमेकांची बघायची नाहीत, विचारून फरक शोधायचे, मग बघा कसे बोलतात ते.

चुका सुधारण्यात तर मी सगळ्यात जास्त चुकले. मूल "ही गो मार्केट" म्हणालं की मी मध्येच "ही वेन्ट टू द मार्केट" म्हणायचे. लिस्टर आणि रांटा ह्या संशोधकांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या फ्रेंचमधून शिकवणाऱ्या वर्गांचा अभ्यास छापला, त्यात शिक्षक चूक सुधारताना निम्म्याहून जास्त वेळा असंच आपण बरोबर वाक्य म्हणून टाकत होते, आणि त्यानंतर मुलं आपलं वाक्य फारशी दुरुस्त करतच नव्हती. "ही... यस्टरडे... ही?" असं अर्धवट सोडलं की मूल स्वतः दुरुस्त करायला बघतं. पण हे व्याकरणाचा सराव चालू असताना. मोकळं बोलणं चाललंय तेव्हा मी तोंड मिटून वहीत लिहून घेते आणि शेवटच्या पाच मिनिटांत चार वाक्यं बिननावाची फळ्यावर, दोन चुकलेली, दोन छान जमलेली. ही छान जमलेली विसरू नका प्लीज, आपलं वाक्य फळ्यावर दिसलं की तो चेहरा बघण्यासारखा असतो.

वर्गात कोणाला खूप येतं, कोणाला काहीच नाही, असं असेल तर धडा सगळ्यांना एकच द्या, काम वेगळं द्या, एकाने फक्त नावं-आकडे शोधायचे, दुसऱ्याने तीन प्रश्न तयार करायचे. रोज वेगळा वर्कशीट बनवत बसाल तर महिन्यात थकाल.

उद्यापासून आधी फक्त थांबण्याचंच करा. पहिले काही दिवस ती शांतता तुम्हालाच जास्त टोचेल, तेव्हा हवं तर फळा पुसा, पण बोलू नका. दोन आठवड्यांनी काय झालं ते इथे नक्की सांगा, मी वाट बघतेय.