पॅरिस ते ॲम्स्टरडॅम: 49 युरोंचं विमान की 79 युरोंची रेल्वे?

ताई, मे महिन्यात तुम्ही दोघं, नववीतली मुलगी आणि सासूबाई असे चौघं निघताय. चार रात्री पॅरिस, तीन रात्री ॲम्स्टरडॅम, मग पुन्हा पॅरिसला येऊन मुंबईचं विमान. मधल्या टप्प्याला विमान माणशी 49 युरो, रेल्वे 79. अंतर सरळ रेषेत साधारण 430 किलोमीटर. विमानाला सव्वा तास, रेल्वेला तीन तास वीस मिनिटं. वेळही वाचतो आणि चौघांचे 120 युरोही, मग विमानच बरं ना, असं तुम्ही विचारलंय.

मी रेल्वे घ्या म्हणेन. 49 युरोंत फक्त हातातली बॅग येते, हे तुम्ही पाठवलेल्या तिकिटाच्या पानावरच लिहिलंय. दोन मोठ्या बॅगांचे 70 युरो वेगळे. शार्ल द गोल विमानतळापर्यंत लोकलचे माणशी सुमारे 14, म्हणजे 56. पलीकडे ॲम्स्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाहून शहरात यायला चौघांचे वीस-बावीस. झाले जवळपास 148. वाचणार होते 120! रेल्वे गार द्यू नॉर या शहरातल्याच स्टेशनातून सुटते, तिथवर मेट्रोचे चौघांचे दहा युरो. बॅगांना पैसे नाहीत आणि उतरायचं थेट ॲम्स्टरडॅमच्या मध्यात.

वेळेचंही तसंच. सव्वा तास ही फक्त हवेतली वेळ. विमानतळावर दोन तास आधी पोचायचं, त्याआधी लोकलची पाऊण तासाची धावपळ, उतरल्यावर बॅगांची वाट, मग पुन्हा गाडी. पाच तास सहज जातात. रेल्वेने स्टेशनवर अर्धा तास आधी गेलात तरी चार तासांत काम होतं. सासूबाईंचा गुडघा दुखतो असं तुम्हीच लिहिलंय. विमानतळावरच्या लांब चालीपेक्षा एका जागी बसून केलेला प्रवास त्यांना सोसेल. पुढे रोमला जाणार असतात तर मी उलट सांगितलं असतं, कारण पॅरिस-रोम 1,100 किलोमीटर आहे आणि रेल्वेत अख्खा दिवस जातो.

पण मला खरी काळजी वाटली ती परतीच्या टप्प्याची. ॲम्स्टरडॅमहून पॅरिसला परत कशासाठी? मुंबईचं तिकीट अजून काढलेलं नाही, ही फार चांगली गोष्ट आहे. मुंबई-पॅरिस जाताना आणि ॲम्स्टरडॅम-मुंबई येताना असं एकाच बुकिंगमध्ये शोधा. संकेतस्थळावर त्याला ‘मल्टी-सिटी’ म्हणतात. फ्रान्सची एअर फ्रान्स आणि नेदरलँड्सची केएलएम या एकाच समूहाच्या विमान कंपन्या आहेत, त्यामुळे ही जोडी सहज जमते. मात्र दोन वेगळी एकेरी तिकिटं काढू नका, ती बहुधा महाग पडतात. परतीचा रेल्वेप्रवास वाचला की 316 युरो वाचले. युरो 100 रुपयांचा धरला तर साडेएकतीस हजार, शिवाय सुट्टीचा अर्धा दिवस. चौघांचं मल्टी-सिटी तिकीट पॅरिसला जाऊन-येऊन तिकिटापेक्षा याहून जास्त महाग पडत असेल, तरच जुना बेत ठेवा.

रेल्वेची तिकिटंही विमानासारखीच दिवसेंदिवस चढतात, म्हणून तारखा ठरल्या की लगेच काढा. तिथे कार्ड वापरताना यंत्राने रुपये की युरो विचारलं तर युरोच निवडा. रुपयांत वाईट दर लावतात. तुमच्या बँकेचा परदेशी व्यवहारावरचा आकार बहुतेकदा दोन ते साडेतीन टक्के असतो, तो आधी विचारून घ्या.

आज रात्री मल्टी-सिटीचा भाव बघा आणि मला कळवा. तो आकडा आल्याशिवाय मधल्या टप्प्याचं काहीच बुक करू नका.