देवाची आज्ञा पाळली की विश्वासणाऱ्याच्या शब्दाला अधिकार येतो म्हणतात, ते नेमकं कसं?

जय ख्रिस्त ताई. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की अकरा वर्षं विश्वासात आहात, घरसभेत बाकीच्या बायका येशूच्या नावात आजाराला, सैतानाला जोरजोरात आज्ञा देतात, तुम्हीही देता, पण घरातलं काहीच हलत नाही, मुलगाही सुधरत नाही, आणि पाळक म्हणतात आज्ञापालन नसेल तर शब्दाला अधिकार नाही, तर हे खरं का. मी पाळक नाही, बायबल कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, शेती करतो आणि गावात रविवारी संध्याकाळी घरसभा चालवतो, तेवढ्याच भांडवलावर लिहितोय, त्या हिशोबाने घ्या.

पाळक म्हणतात ते खरंच आहे, फक्त ते ऐकून आपण भलताच अर्थ काढतो. आपल्याला वाटतं आज्ञा पाळल्या की देवाकडे बॅलन्स जमा होतो आणि मग शब्द टाकला की काम. तसं नाहीये ते.

मत्तय 8 मधला शताधिपती घ्या. कफर्णहूमातला रोमी अधिकारी, त्याचा चाकर पक्षघाताने घरी पडलाय. येशू म्हणतो मी येऊन बरं करतो, तर हा म्हणतो प्रभू यायची गरज नाही, नुसता शब्द बोला. आणि का, ते पुढे सांगतो, ते कारण आपण वाचताना घाईत ओलांडून जातो बघा. माझ्या हाताखाली शिपाई आहेत हे तो नंतर सांगतो, आधी सांगतो की मी स्वतः ताबेदार माणूस आहे. म्हणजे त्याने एखाद्याला 'जा' म्हटलं की तो जातो, कारण हा स्वतः वरचा हुकूम मानतो आणि त्यामुळे त्याच्या तोंडातून रोम बोलतं. उद्या त्याने वरचं ऐकायचं सोडलं तर तो नुसता तलवार लटकवलेला मोठ्या आवाजाचा माणूस, शिपाई कशाला हलतील? आणि त्याने येशूमध्ये तेच ओळखलं, की हा पित्याच्या शब्दात आहे म्हणून आजार याचं ऐकतो. येशूला आश्चर्य वाटलं असं शुभवर्तमानात फार कमी वेळा येतं, एकदा इथे त्याचा विश्वास बघून आणि एकदा नासरेथात लोकांचा अविश्वास बघून.

याच्या उलटं प्रेषितांची कृत्ये 19 मध्ये आहे, इफिसमधले स्किवाचे सात मुलगे. भुतं काढताना नाव येशूचंच घेत होते, शब्दही बरोबर, पण म्हणत होते 'पौल ज्या येशूची घोषणा करतो त्याच्या नावाने'. भूत म्हणालं येशूला ओळखतो, पौलही माहीत आहे, तुम्ही कोण? आणि सातही जण घायाळ होऊन उघडेनागडे पळाले. ताई घाबरू नका, तुम्ही त्यांच्यातल्या नाही, तुम्ही प्रभूच्या आहात. पण शब्द उसना असला की काय होतं ते दिसतं म्हणून सांगितलं.

आता माझंच सांगतो, कारण दुसऱ्यांचे पाय ओढण्यापेक्षा ते बरं. आमच्या घरसभेला माईक होता, लहान स्पीकर, दोन ट्यूब, आणि हे सगळं चालायचं आकड्यावर. खांबावर आकडा टाकलेला, वायर शेजाऱ्याच्या पत्र्यावरून आमच्या ओसरीत. गावात निम्म्या घरांचं तसंच होतं त्यामुळे मला त्यात काही वाटायचंही नाही. त्या माईकवरून मी दर रविवारी सैतानाला माघार घ्यायला सांगायचो. एकदा मी असाच जोरात असताना शेजारी अंगणातून ओरडला, 'भाऊ, त्याला आधी आमच्या पत्र्यावरून उतरायला सांगा की!' सगळे हसले, मीही हसलो, प्रार्थना पुढे चालू. पण रात्री झोप येईना. देव बोलला वगैरे मोठं मी म्हणणार नाही, पण त्या वाक्याच्या आडून मला कोणी काय विचारलं ते मला कळलं होतं.

सकाळी आकडा काढला. मीटरसाठी अर्ज केला, कोटेशन भरलं, दोन महिने लागले, तोवर सभा चार्जिंगच्या बल्बवर आणि बिनमाईकची. खरा त्रास तो नव्हता, सभेत उभं राहून का ते सांगायचं होतं तो होता. बायको म्हणाली सांगायची काय गरज आहे, लाईट नाही म्हणा. सांगितलं. दोन घरं त्यानंतर यायची बंद झाली कारण त्यांच्याकडेही आकडा होता!

शमुवेलाची गोष्ट मला तेव्हा वेगळी कळली. त्याचा एकही शब्द देवाने वाया जाऊ दिला नाही हे वचन आपण सगळे उचलतो, 1 शमुवेल 3 च्या शेवटचं. पण त्याच अध्यायात आधी काय आहे, तर देवाने रात्री त्याला एली याजकाच्या घराण्याविरुद्धचा निरोप दिला आणि सकाळी पोरगं भीत होतं, सांगायचं कसं, ज्याने वाढवलं त्यालाच. सांगितलं मात्र सगळं, काही लपवलं नाही. अधिकार तिथून सुरू झाला असं मला वाटतं, पहिला जड शब्द पोचवला तिथून. आणि सदोम शहरातला लोट बघा, जावयांना सांगतोय उठा, शहराचा नाश होणारेय, तर त्यांना वाटलं सासरे थट्टा करतायत. निरोप शंभर टक्के खरा होता तरी!

आपल्याकडचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. 1878 मध्ये कलकत्त्यात त्यांचं संस्कृत ऐकून विद्वानांनी पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या, तेव्हा वय वीस, म्हणजे बोलण्यात कमी कधीच नव्हती. बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये, विधवांसाठीचं शारदा सदन 1889 ला मुंबईत. पण मला थांबवतं ते 1896-97. मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि या बाई स्वतः तिकडे गेल्या आणि जवळपास 300 मुली-बायका घेऊन आल्या, दौंडजवळ केडगावला त्यांच्या मुक्ती आश्रमात. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळात उपासमारीने गेले होते, त्यामुळे भूक म्हणजे काय ते त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. पुढे 1905 मध्ये तिथे जी आत्मिक जागृती झाली ती सगळे सांगतात, पण त्या मुली रमाबाईंच्या एका हाकेवर प्रार्थनेला बसायच्या त्यामागे आधीचा तो सगळा प्रवास होता ना. व्याख्यान ऐकून कोण बसतं तसं.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही स्वतःलाच दोष देत बसाल. मोशेला देवाने सांगितलं खडकाशी बोल, त्याने रागात काठीने दोनदा मारलं. आणि पाणी आलं! भरपूर आलं, लोक प्याले, जनावरं प्याली. कनानात, म्हणजे देवाने कबूल केलेल्या देशात, जायचं मात्र मोशेचं हुकलं. म्हणजे एखाद्याच्या प्रार्थनेने काम झालं म्हणून तो आज्ञेत चाललाय असं नाही, आणि तुमचं झालं नाही म्हणून तुम्ही आज्ञा मोडताय असंही नाही. यिर्मया संदेष्टा तर वर्षानुवर्षं देवाकडून ऐकल्याप्रमाणे बोलला, कोणी ऐकलं? उलट चिखलाच्या विहिरीत सोडला. म्हणून कोणी तुम्हाला म्हणालं की मुलगा सुधरत नाही म्हणजे तुमच्यात पाप आहे, तर त्यांचं फार मनावर घेऊ नका.

मी तुमच्या जागी असतो तर आज्ञा देणं थोडे दिवस बाजूला ठेवलं असतं आणि एवढंच आठवलं असतं की देवाने शेवटचं काय सांगितलं होतं जे मी पुढे ढकललंय. बहुतेक ते मोठं नसतं. कोणाला फोन करायचा असतो, कोणाचे पैसे द्यायचे असतात, नणंदेशी बोलायचं असतं. आणि मुलाशी बोलताना आवाज खाली, ऐकणाऱ्याला आपण घरात कसे वागतो ते सगळं माहीत असतं.

तो शेजारी, पत्र्यावाला, मीटर बसल्यावर तीन-चार महिन्यांनी रात्री अकराला दारात उभा, मुलीला डेंग्यू, प्लेटलेट खाली गेलेल्या. म्हणाला प्रार्थना करा, पण सावकाश करा, ओरडू नका, ती घाबरते. हात ठेवून दोन वाक्यं बोललो असेन, मग माझ्याच गाडीवरून तालुक्याच्या दवाखान्यात, पाच दिवसांनी घरी आली. औषधाने की प्रार्थनेने या वादात मी पडत नाही, दोन्ही देवाच्याच हातातलं. शेजारी अजून चर्चला येत नाही, येईल असं वाटतही नाही. परवा मात्र पोरीचं दहावीचं हॉल तिकीट घेऊन आला होता, म्हणाला यावर पण जरा बोला, हळूच.