परफ्यूजन म्हणजे रक्ताभिसरण का?

भाषांतर करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: यकृताच्या कर्करोगावरच्या माहितीपत्रकात 'उपचार चालू असताना गाठीचं परफ्यूजन इमेजिंग' असा उल्लेख येतो. परफ्यूजनला रक्ताभिसरण आणि एम्बोलायझेशनला अंतःशल्यन म्हटलं तर चालेल का?

रक्ताभिसरण नको. हृदयापासून निघून पुन्हा हृदयाशी येणारी रक्ताची अख्खी फेरी म्हणजे रक्ताभिसरण. ती साऱ्या शरीराची असते, एका गाठीची नव्हे. (संस्कृतात अभिसरण म्हणजे नुसतं 'कडे जाणं'. अभिसारिका त्याच धातूची, आणि ती काही फेरी मारायला निघालेली नसते.)

रक्तप्रवाह जवळचा वाटतो, पण तो वाहिनीतला. इथे तोच फरक कळीचा आहे. निरोगी यकृताला सुमारे ७५ टक्के रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं, उरलेलं यकृताच्या धमनीतून. यकृतातच उद्भवलेली कर्करोगाची गाठ मात्र बहुतांशी धमनीवर पोसते. म्हणून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, धमनीत सरकवून औषध थेट गाठीपाशी सोडतात आणि बारीक कणांनी वाट बुजवतात; हे बुजवणं म्हणजेच एम्बोलायझेशन. अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या क्ष-किरण चित्रणात, धमनीच्या फांद्या बंद झालेल्या दिसतात खऱ्या, पण ते कालव्याचं चित्र झालं. वाफ्यात अजून पाणी मुरतंय का, हे त्यावरून नेमकं सांगता येत नाही. परफ्यूजन म्हणजे हे मुरणं. एमआरआय किंवा सीटीवर त्याचा हिशेब दर १०० ग्रॅम ऊतीला मिनिटाला किती मिलिलिटर रक्त, असा मांडतात. शब्दाच्या लॅटिन मुळातही ओतणंच आहे.

त्यामुळे नाम हवंच असेल तर मी 'रक्तसिंचन' घेईन. अडचण एवढीच, की आपल्याकडे रक्त शिंपायचं ते भाषणात, मातीसाठी! रुग्णाच्या हातात पडणाऱ्या कागदावर तो शब्द दचकवेल. तिथे नामाचा हट्ट सोडून क्रियापद वापरा: 'उपचार चालू असतानाच गाठीत किती रक्त पोचतंय, ते मोजलं जातं.' डॉक्टरांसाठीच्या मजकुरात परफ्यूजन तसंच ठेवा.

अंतःशल्यन मात्र सरळ खोडा. शल्य म्हणजे रुतलेला काटा किंवा बाण. ग्रीक 'एम्बोलोस' म्हणजे आत ठोकलेली पाचर, बूच. आणि इथे डॉक्टर मुद्दाम बूच मारताहेत, काटा रुतवत नाहीत. 'गाठीची धमनी बुजवणे' एवढं लिहिलं की झालं.