खोली सोडू नकोस

अगं पोरी,

तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज वाचला. तुझी एका खोलीतली एकांकिका चांगली आहे हे तुलाही माहितीये, त्यावर वेळ घालवत नाही. पण शॉर्टफिल्म करायची म्हणून तू त्यात स्टेशन घातलंस, पाऊस घातलास, फ्लॅशबॅकमधे गावचा वाडा घातलास, का तर म्हणे "नाटक वाटायला नको". कोणी भरवलं हे डोक्यात? खोली सोडू नकोस.

'डायल एम फॉर मर्डर' परत बघ, पण यावेळी गोष्टीसाठी नाही. (हो, हिंदी 'ऐतबार' त्यावरूनच, पण तू मूळ बघ.) फ्रेडरिक नॉटचं हे नाटक १९५२ला आधी बीबीसीवर झालं, मग त्याच वर्षी लंडनच्या रंगभूमीवर आलं, आणि १९५४ला हिचकॉकने सिनेमा केला तेव्हा तो जवळपास अख्खा त्या एका फ्लॅटमधेच ठेवला. आळस म्हणून नाही गं. पावलं नीट ऐकू यावीत म्हणून त्याने खऱ्या फरशा बसवून घेतल्या, कॅमेरा खालून लावता यावा म्हणून जमिनीत खड्डा केला. कोर्टाचा सीन तर बाहेरचाच ना? तिथे फक्त नायिकेचा, ग्रेस केलीचा चेहरा आणि मागे बदलणारे रंग, बास.

आणि ती किल्ली! मारेकरी जिन्यावरच्या कार्पेटखालून किल्ली काढतो, दार उघडतो आणि लगेच परत तिथेच ठेवून आत येतो. बायकोला मारायला त्याला पाठवणाऱ्या नवऱ्याला, टोनीला, हे माहीत नाही, तो मेलेल्या मारेकऱ्याच्या खिशातली भलतीच किल्ली बायकोच्या पर्समधे टाकून मोकळा. शेवटी इन्स्पेक्टर हबर्ड खिडकीतून बघतोय, टोनी निघतो, थांबतो, त्याला कार्पेटखालची किल्ली सुचते, परत वळतो, आणि आपण खोलीत श्वास रोखून बसलेलो. हे घाटात कार पळवून होणारे का?

आता तू 'गॅसलाइट' काढशील. काढ. पॅट्रिक हॅमिल्टनचं १९३८चं नाटक एकाच घरात एका संध्याकाळी संपतं, दिग्दर्शक जॉर्ज कुकरचा १९४४चा सिनेमा पार इटलीपर्यंत फिरून येतो आणि इन्ग्रिड बर्गमनला ऑस्करही मिळतं. मान्य. पण काटा कुठे येतो अंगावर? इटलीत? दिवा आपोआप मंद होतो आणि वर माळ्यावर पावलं वाजतात तिथे. म्हणजे खोलीतच.

माझं म्हणशील तर याच मुद्द्यावर एका निर्मात्याशी वाजलं होतं, त्याला पाठलाग हवा होता, मला चार भिंती. काम गेलं, दुसऱ्या कुणीतरी पाठलागासकट केलं, आज कुणाला आठवतही नाही. लोक हेकट म्हणतात, म्हणू देत. ती खोली पडद्यावर आलीच नाही याचं वाईट वाटतं, अजून वाटतं, पण मी हट्ट सोडला असता तरी आली नसती, पाठलागच आला असता. मग काय चुकलं माझं?

तुझी धाकटी बहीण कपाट उघडते, बिजागरी कुरकुरते, आणि मोठी स्वयंपाकघरातून शांतपणे विचारते, "काय शोधतेस?" एवढं हाताशी असताना तू स्टेशनवर कसली जातेस, वेडे!

स्टेशन काढ, वाडा काढ, पाऊस हवाच असेल तर तावदानावर वाजू दे. ड्राफ्ट रविवारपर्यंत पाठव. आणि बजेटचं रडगाणं नको, लोकेशनचे पैसे वाचले की त्यात साउंडवाला चांगला मिळतो.