पहिला डॅक (डिजिटल ऑडिओचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारं सर्किट) घरी बनवायचा आहे. सुटे पार्ट घेऊ की तयार बोर्ड? आणि वायरिंग कसं करू?

तुमच्या प्रश्नातून एवढं कळलं: घरी रास्पबेरी पाय ४ (एका बोर्डावरचा छोटा संगणक, पुढे नुसता 'पाय') आहे, एक जुना स्टिरिओ अँप्लिफायर आहे, सोल्डरिंग जमतं, सर्किट स्वतः डिझाइन करता येत नाही, आणि मन टीडीए१५४३ या डॅक चिपवर बसलंय. सरळ सांगतो, पहिल्या खेपेला टीडीए१५४३ नको. पीसीएम५१०२ए चिपचा तयार बोर्ड घ्या.

टीडीए१५४३ वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. फिलिप्सची ही जुनी १६ बिटांची चिप आजही लोक हौसेने वाजवतात. पण तिचं उत्पादन केव्हाच बंद झालंय आणि वरचं नाव घासून नवं छापलेला माल बाजारात बराच फिरतो. तिचं आउटपुट करंटमध्ये निघतं, म्हणजे त्याचं व्होल्टेज करायला रेझिस्टर किंवा ऑपअँप आलं, डीसी अडवायला कपॅसिटर आले. नावापुढे 'ए' लागलेली टीडीए१५४३ए हातात पडली तर तिचा डेटा फॉरमॅटच निराळा, पायमधून निघणारा आय-टू-एस (चिपांमध्ये डिजिटल ऑडिओ नेण्याची पद्धत) तिला कळत नाही. एवढं सगळं जोडून आवाज आला नाही, तर दोष चिपचा, वायरिंगचा की सॉफ्टवेअरचा, हे पहिल्याच प्रोजेक्टमध्ये कसं शोधणार?

पीसीएम५१०२ए टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची आहे. ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झपर्यंत चालते. आत चार्ज पंप असल्यामुळे आउटपुट शून्य व्होल्टभोवतीच फिरतं, कपॅसिटर लागत नाही, आणि २.१ व्होल्ट आरएमएस लाइन लेव्हल थेट मिळते. तुमच्या अँप्लिफायरच्या ऑक्स किंवा सीडी इनपुटला ते व्यवस्थित पुरेल. बोर्ड जांभळ्या रंगाचा, आगपेटीएवढा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा. चिपच्या बाबतीत डोकं शिणवायचं कारण इथेच संपतं. पुढे आवाज चांगला येतो की घाण, हे तुमच्या वायरी, ग्राउंड आणि पॉवर सप्लाय ठरवणार, आणि पहिल्या डॅकमधून शिकायचं ते हेच.

बोर्ड आला की आधी उलटा करून बघा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. मागे १ ते ४ आकड्यांचे चार जंपर असतात, प्रत्येकाला तीन छोटे पॅड: एका टोकाला एच, दुसऱ्या टोकाला एल. मधला पॅड यापैकी एकाला सोल्डरच्या थेंबाने जोडायचा. पहिला फिल्टरचा, तो एलकडे. दुसरा डी-एम्फसिसचा (काही जुन्या रेकॉर्डिंगमध्ये वाढवलेले वरचे सूर परत खाली आणणारी सोय), तोही एलकडे. तिसरा सॉफ्ट म्यूटचा, तो मात्र एचकडे, कारण ती पिन लो राहिली तर चिप गप्प बसते. चौथा फॉरमॅटचा, एलकडे. काही बोर्डांवर हे आधीच जोडलेलं येतं, काहींवर सगळे पॅड कोरे. पॅड इतके जवळ असतात की जाड टोकाच्या आयर्नने तिन्ही एकत्र चिकटले तर ३.३ व्होल्ट थेट ग्राउंडला शॉर्ट. म्हणून बारीक टोक, थोडी फ्लक्स पेस्ट, आणि काम झाल्यावर मल्टिमीटर बीपवर लावून प्रत्येक जंपरचे एच आणि एल एकमेकांना लागलेले नाहीत ना, हे तपासा.

आता बोर्ड सरळ करा. एससीके पिनजवळ दोन पॅड दिसतील. तेही सोल्डरने जोडा. यामुळे एससीके ग्राउंडला जातो आणि चिप आपला मास्टर क्लॉक (मुख्य ताल देणारा सिग्नल) बीसीकेवरून, म्हणजे एकेक बिट मोजणाऱ्या क्लॉकवरून, स्वतःच तयार करते. पाय वेगळा मास्टर क्लॉक देत नाही, त्यामुळे हे करावंच लागतं. ही पिन लोंबकळत ठेवली की कधी खरखर, कधी नुसती शांतता, आणि माणूस दिवसभर सॉफ्टवेअरला शिव्या घालत बसतो.

पायच्या बाजूला पाच जोडण्या आहेत. ४० पिनांच्या हेडरची १ नंबरची पिन एसडी कार्डाच्या टोकाला, आतल्या रांगेत असते. सम आकडे बोर्डाच्या कडेच्या रांगेत, विषम आतल्या. पिन ४ वरून ५ व्होल्ट बोर्डाच्या व्हीआयएनला. पिन ६ वरून ग्राउंड जीएनडीला. पिन १२, म्हणजे जीपीआयओ १८, बीसीकेला. पिन ३५, म्हणजे जीपीआयओ १९, एलसीकेला (डावा-उजवा चॅनल ठरवणारा क्लॉक). पिन ४०, म्हणजे जीपीआयओ २१, डीआयएनला (ऑडिओचा डेटा). मी पिन ३९ वरून आणखी एक ग्राउंडची वायर त्याच जीएनडीला नेतो, म्हणजे ३५ आणि ४० च्या वायरींना सोबत मिळते. हेडरवरच्या पिन मोजताना बोट ठेवून मोजा आणि पाय बंद असतानाच जोडा. ५ व्होल्टची वायर एक पिन सरकून जीपीआयओवर गेली तर पायचा प्रोसेसर जाऊ शकतो, कारण त्या पिना ३.३ व्होल्टच्याच आहेत.

वायरीची लांबी हा चेष्टेचा विषय नाही. सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झला ३२ बिटांचे दोन स्लॉट धरले तर बीसीके २.८२२४ मेगाहर्ट्झ होतो, १९२ किलोहर्ट्झला १२.२८८. हे रेडिओचे आकडे झाले. २०-३० सेंटिमीटरच्या रंगीबेरंगी जंपर वायरींचा झुपका ठेवला तर त्या एकमेकींत सिग्नल सांडतात आणि कडा वेड्यावाकड्या होतात. १० सेंटिमीटरच्या आत ठेवा, शक्यतो सोल्डर करा, आणि बीसीकेची वायर ग्राउंडच्या वायरीसोबत पिळून घ्या. पायच्या टोकाला बीसीकेमध्ये ३३ ते ४७ ओहमचा एक रेझिस्टर सिरीजमध्ये टाकला तर आणखी बरं. चार आण्याचा पार्ट आहे.

आउटपुटला बोर्डावर साडेतीन एमएमचा जॅक असतोच, पण तुम्ही बॉक्स करताय तर आरसीए सॉकेट लावा. डावा आणि उजवा सिग्नल आपापल्या एजीएनडीसोबत पिळून सॉकेटपर्यंत न्या. बॉक्स धातूचा असेल तर सॉकेटला फायबर वॉशर घाला, म्हणजे सिग्नलचा ग्राउंड पत्र्याला दोन-तीन ठिकाणी चिकटणार नाही. पत्र्याला जोडायचं ते एकाच जागी. हेच एक सूत्र सांभाळलं की अर्धा हम (स्पीकरमधला घूं आवाज) जन्मालाच येत नाही.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात. रास्पबेरी पाय ओएस असेल तर बूट पार्टिशनमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये 'हायफायबेरी-डॅक' हा ओव्हरले (पायला बोर्डाची ओळख करून देणारी सेटिंग) चालू करा आणि पायचा स्वतःचा ऑडिओ बंद करा. 'डॅक प्लस' निवडू नका. तो पीसीएम५१२२ सारख्या, आय-टू-सी (चिपला हुकूम देणाऱ्या वेगळ्या दोन वायरी) वरून बोलणाऱ्या चिपसाठी आहे. आपल्या बोर्डावर ती चिप नाही, त्यामुळे साउंड कार्ड यादीत दिसणारच नाही. व्होल्युमिओ किंवा मूड ही संगीत वाजवायची सॉफ्टवेअर वापरत असाल तर मेन्यूमधून जेनेरिक आय-टू-एस डॅक निवडलं की झालं. पीसीएम५१०२ए मध्ये व्हॉल्यूम कंट्रोल नाही, तेव्हा आवाज अँप्लिफायरच्याच नॉबने कमी-जास्त करायचा.

पहिल्यांदा चालू करताना अँप्लिफायर जोडू नका. आधी पाय बंद असतानाच व्हीआयएन आणि जीएनडीमध्ये शॉर्ट नाही ना ते बघा. मग पॉवर द्या, व्हीआयएनवर ५ व्होल्ट, ए३व्ही३ पिनवर ३.३ व्होल्ट, सॉफ्ट म्यूटच्या पिनवर ३.३ व्होल्ट मोजा. काही न वाजवता दोन्ही आउटपुटवर डीसी मोजा. काही मिलिव्होल्ट ठीक आहेत. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर थांबा आणि बोर्डाकडे परत या. हे सगळं बरोबर आलं की मगच अँप्लिफायर जोडा, व्हॉल्यूम अगदी तळाला. डीआयएन आणि एलसीके उलटसुलट झाले असतील तर संगीताऐवजी फुल लेव्हलचा फर्राटा येतो आणि ट्विटरची (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरची) वाट लागू शकते.

आणि आवाज तपासायला शास्त्रीय गायनाची रेकॉर्डिंग पहिल्यांदा लावू नका, कितीही आवडत असली तरी. तानपुऱ्याखाली हम बेमालूम लपतो. दोन गाण्यांच्या मधली शांतता ऐका, व्हॉल्यूम जरा वर करून. घूं आवाज आला तर तो कुठला हे कानानेच बरंच ओळखता येतं. आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झ. ग्राउंड लूपचा (ग्राउंड दोन वाटांनी जोडला गेल्यामुळे येणारा) हम खाली, ५० वर असतो. फिल्टर कमी पडलेल्या पॉवर सप्लायचा हम रेक्टिफायरमुळे १०० हर्ट्झवर, म्हणजे बरोबर एक सप्तक वर, आणि जरा किरकिरा. लूपचा संशय असेल तर पायला लावलेली प्रत्येक जास्तीची केबल, टीव्हीची एचडीएमआय, डेस्कटॉपकडून येणारी नेटवर्कची शिल्डवाली केबल, एकेक करून काढा. जी केबल काढल्यावर हम जातो तीच दोषी. काही मंडळी अँप्लिफायरच्या थ्री-पिन प्लगची अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला देतात. हम जातो, हे खरं आहे. पण आत कधी फेज बॉडीला लागली तर वाचवणारं काही उरत नाही. हा सल्ला कोणी दिला तर हात जोडून बाजूला व्हा.

ट्रान्सफॉर्मर घालून स्वतःचा लिनियर सप्लाय करू का, असंही तुम्ही विचारलंय. आत्ता नको. पायचा चांगला अ‍ॅडाप्टर वापरा आणि महिनाभर ऐका. २३० व्होल्ट बॉक्सच्या आत आणायचे म्हणजे फ्यूज, अर्थिंग, श्रिंक स्लीव्ह, सगळी वेगळी शिस्त आली. डॅकसाठी खरोखर फरक पडतो असं वाटलं तर नंतर ९ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) एवढ्यावर फक्त डॅक बोर्डाला वेगळे ५ व्होल्ट देता येतील. त्या वेळी पिन ४ ची वायर काढायची, ग्राउंडची मात्र ठेवायची. बोर्ड मोजके मिलिअँपिअरच घेतो, त्यामुळे ७८०५ ला हीटसिंकसुद्धा लागत नाही. पाय मात्र त्यावर चालवू नका, त्याची भूक अँपिअरमध्ये आहे.

जिटरची (क्लॉकच्या ठोक्यांतल्या बारीक वेळचुकीची) काळजीही पुढे ढकला. पाय ४ ४४.१ साठीचा क्लॉक भागाकार करून बनवतो आणि तो भाग नेमका जात नाही, हे खरं. तुमच्या अँप्लिफायरवर आणि स्पीकरवर तो ऐकू येईल का? माझं मत नाही असं आहे. बॉक्स घेताना मात्र दोन बोर्डांशिवाय अर्धा हात जागा मोकळी राहील असा घ्या, कारण ७८०५ चा सप्लाय कधी ना कधी आत येणारच, आणि ट्रान्सफॉर्मर आउटपुटच्या सॉकेटपासून जितका लांब तितका बरा.